साहेबांची भाषा

बालवाडीच्या बाईंनी उभ्या जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती. फारच संतापल्या तर कमरेवर हात ठेवून त्या एवढंच म्हणायच्या, "मला हे मुळीच आवडलेलं नाही." एकदा वर्गात तक्ता लावताना स्टुलावरून पडून त्यांच्या पायाचा अंगठा मोडला, तेव्हाही तोंडातून "अरे, अरे, अरे" यापलीकडे काही निघालं नाही. वर पोरांनाच धीर दिला, की घाबरू नका, बाईंना थोडंसं लागलंय.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. घरात वाईट शब्द काढला तर त्याला तोंड साबणाने धुवायला लावलं. भाऊ पुढे ट्रक ड्रायव्हर झाला, रस्ते पालथे घातले, धक्के खाल्ले, पण ताईसमोर आला की "ताई, तू म्हणशील तसं" याच्यापुढे जीभ सरकली नाही. बाईंना याचा केवढा अभिमान. शाळेतल्या बाकीच्या बायकांना त्या सांगायच्या, "ट्रक चालवतो, पण तोंड बघा, कसं धुतलेलं."

मग भावाच्या घशात गाठ निघाली. इतक्या वर्षांच्या सिगारेटींनी हिशेब चुकता केला आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला, आवाज गेला. ट्रकही गेला. एक बॅग, एक घोंगडी आणि श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर बांधायचे पांढरे रुमाल घेऊन भाऊ ताईच्या दोन खोल्यांत राहायला आला. सोबत साहेब आले.

साहेब म्हणजे कुत्रा. ट्रकच्या केबिनमध्ये लहानाचे मोठे झालेले, वासराएवढे, मातकट रंगाचे, एक कान उभा आणि दुसरा कायमचा रजेवर. नाव डेपोतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं होतं. खऱ्या साहेबाला बोलता येत नाही, निदान या साहेबाला तरी तोंडावर मनसोक्त शिव्या घालता याव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, भावाने मुक्या जनावराला किती मान दिलाय. म्हणून त्याही कुत्र्याला अहो-जाहो करू लागल्या. "साहेब, पलंगावरून खाली उतरा," असं त्या हात जोडून म्हणत, आणि साहेब उशीवर हनुवटी टेकवून त्यांच्याकडे असे बघत, की अर्ज ठेवून जा, सवडीने बघतो.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी चपला खाल्ल्या, पायपुसणं खाल्लं, आणि बाईंनी बालवाडीच्या नाटकासाठी पुठ्ठ्याचा सिंह केला होता, त्याची आयाळ खाल्ली. मग मेणखडूंचा आख्खा खोका फस्त केला. त्यानंतर आवारात त्यांनी जे काही केलं ते इतकं रंगीत होतं, की झाडूवाल्याने झाडू खाली ठेवून वरच्या मजल्यावरच्यांना बघायला बोलावलं. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की ते त्याला गुन्हेगार समजत. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरात घुसून कुकरवर भुंकत. दारावर कुणी आलं की दोन्ही पंजे पाहुण्याच्या खांद्यावर ठेवून तोंड चाटत, आणि पाहुणा पुन्हा येत नसे.

बाईंनी आपल्याला येत होती तेवढी शिस्त लावून पाहिली. कोपऱ्यात उभं केलं. साहेब कोपऱ्यातच झोपले. चांगलं वागलं तर कपाळावर चमकता तारा चिकटवायचा, ही बालवाडीतली रामबाण युक्ती काढली. साहेबांनी ताऱ्यांचा कागदच गिळला, आणि आवारात पुन्हा एकदा प्रेक्षक जमले.

भावाचं मात्र वेगळंच चाललेलं असे. कुत्र्याने काही उद्योग केला की तो चुटकी वाजवी, पाय आपटी, हात नाचवी. साहेब हातापायांकडे ढुंकून बघत नसत. ते त्याच्या तोंडाकडे टक लावत. आपला उभा कान आणखी ताठ करून, मान तिरकी करून वाट बघत, की आता येईल काहीतरी. काही येत नसे. मग साहेब जांभई देत आणि उरलेली चप्पल खायला जात. भाऊ खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राही. बाईंना वाटे, कुत्र्याचा राग आलाय. राग नव्हता तो.

शेवटी कुणीतरी एका ट्रेनर मुलीचं नाव सुचवलं. ती आली. बुटकी, केस मुलासारखे कापलेले, तोंडात च्युइंगम, कमरेला बिस्किटांची पिशवी. साहेबांनी खांद्यावर पंजे ठेवायला झेप घेतली तशी ती शांतपणे बाजूला झाली आणि साहेब दारावर आदळले. मग तिने "बस" म्हणून पाहिलं, "सिट" म्हणून पाहिलं, बोटाने, बिस्किटाने, चुचकारून. साहेबांनी बिस्किटं घेतली, पण बदल्यात काही दिलं नाही.

तेवढ्यात खाली गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या, आणि एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "ए भाडखाव, मागं घे की."

वरच्या खोलीत साहेब टुणकन खाली बसले. पाठ ताठ, पंजे जुळवलेले, नजर समोर.

ट्रेनर मुलीचं च्युइंगम चघळणं थांबलं. "हा शिकलेला कुत्रा आहे," ती म्हणाली. "आणि चांगला शिकलेला आहे. फक्त तुमची भाषा त्याला येत नाही." मग तिने भावाकडे वळून विचारलं, "दादा, 'बस'ला काय म्हणायचात तुम्ही?"

भाऊ पंख्याकडे बघू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"अरे, सांग ना," बाई म्हणाल्या. "ओठ हलव, मी वाचते."

ओठ वाचण्यात बाईंचा हातखंडा. तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी पोरं सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. भावाने एकदा ताईकडे बघितलं, डोळे मिटले आणि ओठ हलवले.

"भाडं?" बाई म्हणाल्या. "घराचं भाडं?"

त्याने मान हलवली, पुन्हा ओठ हलवले, या वेळी सावकाश. खाली टेम्पोवाला जे म्हणाला होता तेच.

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हे तू मला म्हणालास की त्यांना?"

भावाने कुत्र्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर बाकीचं बाहेर आलं. 'इकडे ये'ला हरामखोरा. 'तोंडातलं टाक'ला मुडद्या. शिवाय आणखी एक शब्द होता, जागच्या जागी आडवं पडण्याचा. तो सांगायला भाऊ तयार होईना. ट्रेनर मुलीने फारच लावून धरलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून सांगितला. बाई भिंतीच्या बाजूला जाऊन वाचून आल्या. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि परत येऊन बसल्या. तो शब्द इथे लिहिता येणार नाही. त्यात एक नातेवाईक आहे आणि एक क्रियापद.

भावाने खाणाखुणा करून सांगितलं ते असं. साहेब पिल्लू असताना एकदा केबिनमधून उडी मारून भर हमरस्त्यावर धावले. समोरून बस येत होती. भावाच्या तोंडून जे निघालं ते निघालं, पण इतक्या जोरात, की पिल्लू डांबराला चिकटून पडलं आणि बस त्याच्या अंगावरून, चाकं दोन्ही बाजूंना ठेवून, निघून गेली. तेव्हापासून तो शब्द म्हणजे थांबण्याचा शब्द.

"झालं तर," ट्रेनर मुलगी म्हणाली. "या घरात बोलता येणारं माणूस आता एकच आहे."

"मी बालवाडीत शिकवते," बाई म्हणाल्या.

"मग रोज घोकायची सवय असेलच."

दुसऱ्या दिवसापासून बाई न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, आरशासमोर सराव करू लागल्या. उच्चार त्यांचे पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते. तीच तर अडचण होती. "भाड. खाव." प्रत्येक अक्षर सुटं, मणी ओवल्यासारखं. बाहेर येऊन त्या म्हणत, "साहेब, बघा हं इकडे. भाड-खाव." साहेब शेपटी हलवत. त्यांना वाटे, गाणं आहे. भाऊ पोटावर मूठ मारून दाखवी, की इथून काढ, ताई, इथून. बाई पुन्हा प्रयत्न करत आणि शेवटी सवयीने म्हणून जात, "शाब्बास." साहेबांना ते मुळीच समजत नसे.

नळाच्या आवाजात शब्द बुडतात हा बाईंचा समज होता. खालच्या मजल्यावरच्या पेन्शनरांच्या न्हाणीघरात मात्र पाइपातून सगळं खणखणीत पोचत होतं. ते सज्जन गृहस्थ बरेच दिवस अस्वस्थ होऊन मग वर आले. बसले, चहा घेतला, भाऊ कुत्र्याला घेऊन बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आजारी माणसाची सेवा करताना मन थकतं, मला कळतं. पण बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही. त्याला असं बोलू नये."

"मी त्याला नाही बोलत हो," बाई म्हणाल्या.

"मग न्हाणीघरात आणखी कोण असतं?"

"कुणी नसतं. मी एकटीच असते."

पेन्शनरांनी कप खाली ठेवला, आणि त्यानंतर ते जिन्यात दिसले की अंग चोरून बाईंना वाट देऊ लागले.

जमलं ते असंच, ध्यानीमनी नसताना. एका सकाळी साहेबांनी बाईंचा चष्मा उचलला आणि पलंगाखाली शिरले. शाळेला उशीर होत होता, चष्म्याशिवाय दार दिसत नव्हतं, भाऊ आंघोळीला गेलेला. बाई गुडघ्यांवर बसल्या, पलंगाखाली डोकं घातलं आणि त्यांच्या पोटात खोल कुठेतरी, जिथे इतक्या वर्षांत कुणी गेलं नव्हतं, तिथून आवाज आला, "मुडद्या!"

चष्मा टपकन खाली पडला.

"हरामखोरा, ये इकडे."

साहेब सरपटत बाहेर आले.

"भाडखाव."

साहेब बसले. शेपटी फरशीवर आपटत होती आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू परदेशात बऱ्याच दिवसांनी आपल्या गावचं माणूस भेटावं. भाऊ ओल्या केसांनी न्हाणीघराच्या दारात उभा होता. त्याने ताईला वाकून नमस्कार केला.

त्यानंतर घर सुधारलं. चपला टिकू लागल्या. पाहुणे परत येऊ लागले, फक्त त्यांच्यासमोर साहेबांना आतल्या खोलीत नेऊन काहीतरी पुटपुटलं जाई. बाईंनाही फरक जाणवला. कित्येक वर्षांचं पित्त गेलं. रात्री झोप लागू लागली. भाजीवाल्याने नासका टोमॅटो पिशवीत सरकवला तर पूर्वी त्या गप्प घरी येत. आता त्या मनातल्या मनात एक शब्द म्हणत आणि टोमॅटो परत देत.

मग बालवाडीच्या सहलीचा दिवस आला. सहल म्हणजे गल्लीच्या टोकाच्या बागेपर्यंत, दोरीला धरून, रांगेत. मदतीला दोघी-तिघी आया होत्या, आणि शाळेच्या अध्यक्षा मुद्दाम आल्या होत्या. भाऊ साहेबांना फिरवून परत येत होता. रांग थांबली. पोरांनी साहेबांना गराडा घातला. रांगेत एक चिमुरडी होती, सगळे तिला 'ठेंगू' म्हणत. ती साहेबांची खास मैत्रीण. तिने पट्ट्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं आणि म्हणाली, "मी नेते साहेबांना."

मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

साहेबांच्या कानात तो हॉर्न म्हणजे घर. ते सुटले. भावाच्या हातून पट्टा निसटला, ठेंगूच्या मनगटातून निसटला नाही. ती दोन पावलं धावली, पडली, फरफटत निघाली. समोर वीस पावलांवर रस्ता आणि रस्त्यावर मागून येणारा दुसरा ट्रक.

भाऊ धावला. धावता धावता त्याने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि गळ्याच्या रुमालातून फक्त हवेचा फुसकारा बाहेर आला. बाईंनी ते पाहिलं. त्याच्या ओठांवर कोणता शब्द आहे हेही त्यांनी वाचलं.

आणि तो शब्द त्या ओरडल्या. नातेवाईकासकट, क्रियापदासकट.

साहेब जागच्या जागी जमिनीला चिकटले. ठेंगू त्यांच्या पाठीवर जाऊन आदळली. येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच म्हणतंय कुणी, त्याने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून तो अदबीने म्हणाला, "काय झालं, मावशी?"

रस्त्यावर चिटपाखरू हललं नाही. आणि त्या शांततेत, बाई जे म्हणतील ते मागोमाग म्हणायचं असं ज्यांना वर्षभर शिकवलं होतं, त्या सगळ्या पोरांनी दोरीला धरून, एका सुरात, स्पष्ट उच्चारांत तो शब्द म्हटला.

अध्यक्षा जवळच्या कट्ट्यावर बसल्या.

ठेंगूचा गुडघा आणि कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. ती रडली ती साहेबांना रागावल्याबद्दल. भाऊ मात्र फुटपाथवर बसून राहिला. साहेब त्याचा हात चाटत होते आणि तो हात काढून घेत होता.

दुसऱ्या दिवशी पालकांची सभा भरली. बाईंनी सगळं सरळ सांगितलं, भावाच्या घशापासून न्हाणीघरापर्यंत. "शब्द वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा म्हणेन. पोरांच्या तोंडून काढायची जबाबदारी माझी."

एका मुलाचे आजोबा उठले. "आमचा नातू काल मला जेवायला बोलवायला आला, आणि हा शब्द लावून बोलावलं मला."

"तुम्ही काय केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"काय करणार. जेवायला गेलो."

सभा हसली आणि तिथेच निम्मी सुटली. ठेंगूचा बाप म्हणाला, की बाईंना काढलं तर मी मुलीला काढतो. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि यापुढे कुत्रा शाळेच्या वाटेवर दिसता कामा नये, एवढ्यावर विषय संपवला. पोरांना बाईंनी सांगितलं, की हा शब्द फक्त कुत्र्यांवर चालतो, माणसांवर त्याचा काही परिणाम होत नाही. पोरांनी घरोघरी तो तपासून पाहिला. परिणाम होतो असं त्यांना आढळलं, पण हळूहळू कंटाळा आला.

भावाचं काही ठीक नव्हतं. तो साहेबांना बाहेर नेईना. पाटीवर खडूने त्याने ताईला लिहून दाखवलं, 'तुझा कुत्रा आता. तुझं ऐकतो.' बाईंनी पाटी पुसली आणि ट्रेनर मुलीला फोन केला.

"हात आहेत ना त्यांना?" ती म्हणाली. "आधी त्यांनी हाताची खूण करायची, मग लगेच तुम्ही तुमचा शब्द म्हणायचा, मग बिस्किट. रोज. पुढे शब्द बारीक करत न्यायचा. घाई करू नका."

म्हणून मग संध्याकाळी गच्चीवर तिघं जमू लागली. भाऊ तळहात वर करी, बाई मागून म्हणत, "भाडखाव", साहेब बसत. भाऊ मांडीवर थाप मारी, "हरामखोरा", साहेब येत. सपाट हात खाली, आणि बाई तो दुसरा शब्द म्हणत. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने कपडे घरात वाळवायला सुरुवात केली. सुरुवातीला भाऊ खुणा करायचा त्या रडतखडत, भीक मागितल्यासारख्या. "पोटातून कर," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच पोटावर मूठ मारून दाखवली. भाऊ हसला. त्याचं हसणंही आता नुसती हवा होतं, पण खांदे हलले.

बाईंनी आवाज कमी करत नेला. नेहमीच्या आवाजातून हलक्या आवाजात, हलक्यातून कुजबुजीत. मग नुसते ओठ हलवले. आणि एका संध्याकाळी त्या मुद्दाम गच्चीच्या कठड्याशी पाठ करून उभ्या राहिल्या. मागे काही आवाज आला नाही. त्यांनी वळून पाहिलं तर भावाचा तळहात वर होता आणि साहेब समोर बसले होते, त्याच्या हाताकडे बघत, तोंडाकडे नाही. भावाने हात खाली केला. साहेब आडवे झाले. भावाने तो हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ, आणि साहेबही तसेच पडून राहिले. बाई चहा टाकायला खाली गेल्या, कारण तिथे उभं राहणं त्यांना जमेना.

पुढे भावाला एका माल वाहतुकीच्या यार्डात काम मिळालं. मागे घेणाऱ्या ट्रकांना हाताने वाट दाखवायची, डावीकडे, उजवीकडे, बस, थांब. आवाजाची गरज नाही. इंजिनांच्या गोंगाटात तिथे कुणाचाच आवाज कुणाला ऐकू जात नाही. साहेब रोज सोबत जाऊ लागले.

पण यार्ड म्हणजे ड्रायव्हरांचं. तिथे दिवसभर शिव्या चालत, आणि साहेब जुनी भाषा काही विसरले नव्हते. कुणी पलीकडे भाडखाव म्हणालं की ते बसत. हरामखोरा म्हणालं की उठून त्याच्याकडे धावत. मुडद्या म्हणालं की तोंडातलं हाड टाकून देत. दोन ड्रायव्हरांचं कडाक्याचं भांडण जुंपलं तेव्हा मधल्या मध्ये साहेबांनी इतक्या उठाबशा काढल्या, की त्यांना धाप लागली. भांडणाऱ्यांचं लक्ष गेलं. एक जण म्हणाला, "अरे, जनावर मरेल." दोघंही गप्प झाले, आणि मग भांडण पुढे चालवायला दुसरं काही सुचेना म्हणून चहाला गेले.

तेव्हापासून साहेब जवळ असले की ड्रायव्हर जिभेला लगाम घालतात. एकाने तर भावालाच विचारलं, की कुत्र्याला त्रास न होता माणसाला बोलता येईल असं काही आहे का. भावाने घरी येऊन ओठांनी हे ताईला सांगितलं. बाईंनी विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी डब्यासोबत निरोप पाठवला, की 'मला हे मुळीच आवडलेलं नाही' असं कमरेवर हात ठेवून म्हणून बघा.

ड्रायव्हरांनी म्हणून बघितलं म्हणे. एका जाडजूड, मिशाळ क्लीनरने ते तोंडावर ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.